कुंडीतली गोडी : स्टीव्हियाचं पान आणि नवी मुंबईची हवा

‘गॅलरीतलं स्वयंपाकघर’ : लेखांक नववा

नवी मुंबईत वर्षातला सर्वांत मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा असतो आणि सर्वांत लहान दिवस अकरा तासांचा. माणसाला हा फरक फारसा जाणवत नाही. नेरूळ किंवा खारघरच्या गॅलरीत कुंडीत वाढणाऱ्या स्टीव्हियाला मात्र तो बरोबर कळतो. दिवस सुमारे तेरा तासांपेक्षा लहान झाला की या झाडाचा पानं वाढवण्याचा उत्साह ओसरतो आणि ते कळ्या धरू लागतं. गोडी असते ती पानांत. म्हणून घरच्या स्टीव्हियाची कृती पातेल्यापासून सुरू होत नाही, ती कॅलेंडरपासून सुरू होते.

आपल्या अक्षांशावर दिवस तेरा तासांच्या वर जातो तो मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत. म्हणजे पानांचा खरा हंगाम जेमतेम अडीच महिन्यांचा, आणि त्यातला मोठा भाग पावसाचा. झाड जेव्हा पानांनी भरतं तेव्हा हवेत इतका दमटपणा असतो की पान सावलीत वाळण्याऐवजी काळं पडतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा छान कोरडी होते, तेव्हा झाड बारीक पांढऱ्या फुलांनी डवरलेलं असतं आणि पानं लहान व विरळ झालेली असतात. पुण्याकडच्या किंवा देशावरच्या शेतकऱ्याला ही अडचण एवढी भेडसावत नाही, कारण तिथे पावसाळ्यातही मधूनमधून कोरडी उघडीप मिळते. खाडीकाठच्या शहरात तो पेच पुरता सोडवावा लागतो. गेल्या लेखांकात गवती चहाची जुडी कुंडीत रुजवली होती. या वेळी त्याच कपातल्या साखरेची जागा घेऊ शकणाऱ्या पानाची ही गोष्ट.

रोपवाटिकांत या रोपावर बहुतेक ‘मीठी तुलसी’ अशी पाटी दिसते. तुळशीशी त्याचा काही संबंध नाही. ते झेंडू, शेवंती आणि सूर्यफूल यांच्या कुळातलं आहे. ज्यांना शेवंतीसारख्या फुलांची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं. पानं समोरासमोर येतात, दोन-चार सेंटिमीटर लांब असतात आणि टोकाकडच्या अर्ध्या भागात त्यांच्या कडा दातेरी असतात. मूळ घर पॅराग्वेच्या ईशान्येला, ब्राझीलच्या सीमेवरच्या अमांबाय डोंगररांगेजवळ. तिथल्या ओलसर, रेताड गवताळ जमिनीत ते आपोआप उगवे. तिथले गुआरानी लोक त्याची पानं येर्बा माते या आपल्या कडवट पेयात आणि औषधी काढ्यांत शतकानुशतकं घालत आले. स्वित्झर्लंडमधून पॅराग्वेत येऊन स्थायिक झालेले वनस्पतिशास्त्रज्ञ मोइझेस बेर्तोनी यांनी १८९९ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि जातीच्या नावात रेबाउदी या पॅराग्वेच्या रसायनशास्त्रज्ञाची आठवण ठेवली. १९३१ साली ब्रिडेल आणि लाविएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी पानातलं मुख्य गोड द्रव्य, स्टीव्हिओसाइड, वेगळं काढलं. १९७१मध्ये जपानच्या मोरिता कंपनीने ते बाजारात आणलं, आणि आज जगभरच्या शीतपेयांत ते पोचलं आहे. ज्यांनी हे पान प्रथम ओळखलं त्या गुआरानींच्या प्रतिनिधींनी या व्यापारात आपला न्याय्य वाटा मागितला आहे. ती मागणी रास्त आहे, आणि स्टीव्हियाबद्दल लिहिताना ती सांगितलीच पाहिजे.

पानात हे गोड द्रव्य का असावं? झाडाची उंची वाढवणारं जिबरेलिन नावाचं संप्रेरक सगळ्याच वनस्पतींत बनतं. स्टीव्हियात त्याच मार्गावर एक फाटा फुटतो आणि स्टीव्हिऑल नावाचा रेणू तयार होतो. झाड त्याला ग्लुकोजच्या कड्या जोडतं. कोणत्या जागी किती कड्या जोडल्या यावर चव ठरते. सुक्या पानात स्टीव्हिओसाइडचं प्रमाण साधारण पाच ते दहा टक्के असतं आणि रेबॉडिओसाइड-ए दोन ते चार टक्के. पहिलं अधिक कडसर, दुसरं अधिक स्वच्छ गोड. शुद्ध स्वरूपात दोन्ही साखरेच्या अडीचशे पटींहून जास्त गोड लागतात. साधं वाळवलेलं पान दहा ते पंधरा पट गोड असतं. गोडीबरोबर ज्येष्ठमधासारखी एक कडसर झाक मागे रेंगाळते, त्याचंही कारण सापडलं आहे: जिभेवर कडू चव ओळखणारे जे अनेक ग्राहक आहेत, त्यांतल्या दोघांना हेच रेणू चेतवतात. म्हणजे कडवटपणा हा पान खराब असल्याचा पुरावा नव्हे. तो गोडीचाच सोबती आहे आणि कृतीत त्याला आवरावं लागतं.

आता कुंडी. बी पेरण्याच्या फंदात पडू नये. हे झाड स्वतःच्या परागांनी नीट फळत नाही, आणि मिळालेलं बीही जेमतेम उगवतं. रोप आणावं किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये शेंड्याकडची बोटभर लांबीची काडी तोडून, खालची पानं काढून, ओलसर कोकोपीटमध्ये खोचावी. दहा-बारा इंची कुंडी पुरते. माती भुसभुशीत हवी: बागेची माती, गांडूळखत आणि जाडसर वाळू. झाडाला मुळाशी सतत हलका ओलावा आवडतो. पाणी साचलं की मात्र मुळं कुजतात. नवी मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेव्हा जूनमध्ये कुंडी ग्रिलच्या बाहेर ठेवणं म्हणजे रोप गमावणं. छज्ज्याखाली, उजेड मिळेल पण सरी लागणार नाहीत अशा जागी ती हलवावी, खालची ताटली काढून टाकावी. तरीही पावसाळ्यात पानांवर बुरशीचे काळपट ठिपके येतात. ती पानं लगेच खुडावीत. मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसले तर कडुनिंबाचं तेल चालतं, पण काढणीच्या आधी दोन-तीन आठवडे फवारणी बंद. जे पान चहात जाणार, त्यावर काय पडलं याचा हिशोब ठेवायलाच हवा. नर्सरीतून आणलेल्या रोपाची पानंही पहिल्याच दिवशी चाखू नयेत. जुनी पानं छाटून टाकावीत आणि नव्या फुटव्यांची वाट बघावी.

फुलोरा लांबवायचा एक उपाय घरात आधीच असतो. हे झाड खरं तर दिवसापेक्षा रात्रीची लांबी मोजतं. संध्याकाळी काळोख पडल्यावर गॅलरीतला दिवा दोन-तीन तास चालू राहिला, तर झाडाच्या लेखी रात्र लहान होते. संशोधनासाठी वाढवलेल्या स्टीव्हियाला असाच जादा उजेड देऊन पानांचं उत्पन्न वाढवलं जातं. ज्यांना गॅलरीत संध्याकाळी बसायची सवय आहे, त्यांच्या झाडाला तो फायदा विनासायास मिळतो. बाकीच्यांनी कळ्या दिसल्या की शेंडे खुडत राहावं.

काढणीचे दोन मोके या शहरात साधावेत. पहिला मेच्या शेवटच्या आठवड्यात, मॉन्सून यायच्या आधी: उन्हाळ्यात वाढलेलं झाड जमिनीपासून वीतभर ठेवून कापावं. त्या वेळी ऊन कडक असतं आणि पान एक-दोन दिवसांत कडकडीत होतं. दुसरा मोका ऑक्टोबरच्या उकाड्यात, पावसाळ्यात फुटलेल्या फांद्यांवर कळ्या उमलण्याआधी. दोन्ही वेळा सकाळी कापावं, कारण दुपारच्या उन्हाने पानं मलूल होतात. मधल्या पावसाळ्यात शेंडे खुडून निघालेली पानं ताजीच वापरावीत.

वाळवण्यात सगळी कसोटी आहे. पानं धुऊन, पंच्यावर पसरून वरचं पाणी निपटू द्यावं. मग देठापासून सोडवून, एकावर एक न येतील अशी ताटात पसरावीत. देठात गोडी फार कमी असते, ते टाकले तरी चालतात. मे महिन्यात खिडकीजवळ, थेट उन्हापासून जरा आत, पंख्याखाली ताट ठेवलं की काम होतं. जितक्या लवकर पान वाळेल तितका त्याचा हिरवा रंग टिकतो. दमट हवेत ते दोन-चार दिवस रेंगाळलं तर तपकिरी होतं आणि त्याला शिळ्या गवताचा वास येतो. ऑक्टोबरात अवेळी पाऊस आलाच, तर ओव्हन सर्वांत कमी आचेवर, दार किंचित उघडं ठेवून वापरावा. चाळीस ते पन्नास अंश उष्णता पुरे. चिमटीत चुरताना पान मोडल्याचा आवाज आला पाहिजे. नुसतं दुमडलं तर अजून ओल आहे, आणि अशी पानं बाटलीत भरली की आठवड्याभरात बुरशी दिसते.

शंभर ग्रॅम ओल्या पानांची वाळून साधारण वीस ग्रॅम होतात. इथे थोडं गणित मांडलेलं बरं. बारा पट गोडी धरली तर वीस ग्रॅम पान म्हणजे पाव किलोच्या आतबाहेर साखर. रोज दोन कप चहा पिणाऱ्या आणि कपाला एक चमचा साखर घेणाऱ्या एका माणसाचं जवळपास महिनाभराचं काम त्यात भागतं. चौघांच्या घरात महिन्याला लागणारी साखर काही किलोंत असते. वाशीच्या एपीएमसीत मसाला मार्केटमधून निघणारी साखरेची पोती दोन कुंड्यांनी थांबणार नाहीत. एका माणसाचा चहा, किंवा घरातलं उन्हाळ्याचं सरबत, एवढं उद्दिष्ट ठेवलं तर समाधान होतं.

वाळलेल्या पानाचे तीन उपयोग. पहिला आणि सर्वांत सोपा म्हणजे पान हाताने चुरून बरणीत ठेवणं. चहा उकळताना पावडरीबरोबर पाव लहान चमचा चुरा घालावा आणि नेहमीसारखा गाळावा. ही गोडी एक चमचा साखरेच्या जवळपास जाते. पहिल्यांदा त्याहूनही कमी घालून बघावं, कारण प्रत्येक झाडाची आणि प्रत्येक हंगामाची गोडी वेगळी असते. आलं आणि गवती चहा यांच्या झणक्यात कडसर झाक लपते, दुधाने आणखी मवाळ होते. महाराष्ट्रातला उकळून केलेला चहा या पानाला उत्तम मानवतो, कारण त्यातलं गोड द्रव्य उकळण्याने नष्ट होत नाही. काळ्या चहात किंवा कॉफीत मात्र मागाहून येणारा कडवटपणा उघडा पडतो.

दुसरा उपयोग पूड. मिक्सरमध्ये दळून मलमलीतून चाळली की हिरवी, हलकी पूड मिळते. ती पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसते. गाळता येत नाही अशा पेयांत ती चरचरीत लागते. फळं घालून घुसळलेल्या दह्यात किंवा नाचणीच्या आंबिलीत ती चालून जाते.

तिसरा अर्क, आणि घरगुती प्रकारांत हाच सर्वांत कामाचा. पाव वाटी चुरलेली पानं, वर एक वाटी गरम पाणी. पाणी उकळून गॅस बंद करावा, मिनिटभर थांबावं, मग पानांवर ओतून झाकण ठेवावं. पंधरा-वीस मिनिटांत गाळावं. पानं पाण्यात घालून खळाखळा उकळू नयेत आणि रात्रभरही ठेवू नयेत. गोड द्रव्य पाण्यात चटकन उतरतं. जास्त वेळ ठेवल्याने उतरतो तो तुरटपणा आणि हिरवा वास. गाळलेलं पाणी दाट हवं असेल तर पानं काढून टाकल्यावर मंद आचेवर अर्धं आटवावं. रंग चहासारखा तपकिरी येतो आणि ते बरोबरच आहे.

हा अर्क साखरेच्या पाकासारखा बरणीत ठेवून देता येत नाही. पाक टिकतो तो साखरेच्या प्रमाणामुळे: इतकी साखर पाण्याला धरून ठेवते की जंतूंना ते पाणी मिळतच नाही. स्टीव्हियाच्या अर्कात गोडी भरपूर असली तरी विरघळलेला पदार्थ नगण्य असतो, जंतूंच्या दृष्टीने ते साधं पाणीच. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, त्यापुढे नाही. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून गोडाचे खडे करून ठेवणं हा चांगला मार्ग आहे. लिंबू सरबताच्या पेल्यात एक खडा टाकला की गारवाही आला. आंबट पेयांत हा अर्क खुलतो. कोकम सरबत, कैरीचं पन्हं, चिंचेचं सार यांत आंबटपणा, मीठ आणि जिरं मिळून कडवट शेपूट पुसून टाकतात.

अर्क टिकत नाही, त्याच कारणाने मोरावळा, मुरांबा, कोकमाचं आगळ घालून केलेला साखरेचा पाक या टिकाऊ प्रकारांत स्टीव्हिया चालत नाही. साखर तिथे गोडीपेक्षा टिकवणुकीचं काम करते. पुरणपोळीतही तीच अडचण, वेगळ्या तऱ्हेची. डाळीच्या पुरणाला गूळ बांधतो, त्याला वजन आणि ओलसर गुळगुळीतपणा देतो. पोळी तव्यावर पडल्यावर कडांना येणारा खमंग तांबूसपणाही साखर-गुळाच्या जळण्याचा. स्टीव्हियाचं पुरण कोरडं आणि फिकट राहतं. श्रीखंडात साखर चक्क्यात विरघळून त्याला सैल आणि चकचकीत करते, ते कामही हे पान करू शकत नाही. सणाचा पदार्थ थोडा खावा, पण साखर-गुळाचाच खावा, आणि रोजच्या चहातली साखर या पानाने कमी करावी, हे अधिक शहाणपणाचं.

दुकानातल्या पांढऱ्या पुडीशी घरच्या पुडीची तुलना करून कुणी हिरमुसू नये. कारखान्यात पानांचा अर्क गाळून, रेझिनच्या स्तंभातून सोडून, अल्कोहोलने धुऊन त्याचे स्फटिक केले जातात. शुद्धता ९५ टक्क्यांच्या वर नेतात. स्वयंपाकघरात हे घडू शकत नाही. शिवाय शुद्ध द्रव्य इतकं तीव्र असतं की पुडीत बहुतांश भरणा डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन किंवा एरिथ्रिटॉलचा असतो. मधुमेह असलेल्यांनी पाठीमागची बारीक अक्षरं वाचलीच पाहिजेत, कारण पहिल्या दोन भरण्यांनी रक्तातली साखर वाढते.

मधुमेहाचा प्रश्न लहान नाही. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. स्टीव्हियाच्या सुरक्षिततेवर बरंच काम झालं आहे. १९६८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात उंदरांवरच्या एका प्रयोगातून हे पान प्रजननक्षमता घटवतं असा निष्कर्ष आला. पुढच्या प्रयोगांत तो टिकला नाही. १९८५मध्ये स्टीव्हिऑलच्या जनुकीय परिणामांची शंका निघाली, तीही तपासली गेली. अखेर २००८ साली अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने शुद्ध द्रव्यासाठी दिवसाची मर्यादा ठरवली: शरीराच्या दर किलोमागे ४ मिलिग्रॅम, स्टीव्हिऑलच्या हिशोबात. भारतात एफएसएसएआय या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५मध्ये ठरावीक पदार्थांत ते वापरायला मुभा दिली. साठ किलोच्या माणसासाठी ही मर्यादा सुमारे ६०० मिलिग्रॅम स्टीव्हिओसाइड इतकी होते. पानात दहा टक्के गोड द्रव्य धरलं तर दिवसाला सहा ग्रॅम सुकं पान. रोजच्या दोन-तीन कपांत एक-दीड ग्रॅमच्या वर कुणी जात नाही.

तरी ही परवानगी शुद्ध केलेल्या द्रव्याची आहे, अख्ख्या पानाची नाही. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन अख्ख्या पानाला आणि कच्च्या अर्काला गोडकारक म्हणून मान्यता देत नाही, कारण त्यांची पुरेशी तपासणी त्याच्यासमोर आलेली नाही. युरोपीय संघात पान चालतं ते वनस्पतींच्या चहात घालण्यापुरतं. म्हणून घरचं पान थोडं वापरावं. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी डॉक्टरांना सांगावं, गर्भवतींनी आणि लहान मुलांसाठी टाळावं. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३मध्ये आणखी एक गोष्ट सांगितली आहे: वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजी अशा गोडकारकांवर, स्टीव्हियाही त्यात आला, विसंबू नये. आधीच मधुमेह असलेल्यांना ती शिफारस लागू नाही. मात्र चहातली गोडीच हळूहळू कमी करत नेणं सर्वांनाच जमण्यासारखं आहे, आणि पानाचं प्रमाण चमच्याने ठरवता येत असल्यामुळे ते घरी सोपं जातं.

गोड पान म्हटलं की पॅराग्वेपर्यंत जावंच लागतं असंही नाही. कोकणात आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी कुंपणांवर चढणारी गुंज आपली जुनी ओळखीची आहे. तिची चिंचेसारखी बारीक पानं विड्यात घालतात, घसा बसला की गाणारे लोक चघळतात, आणि काष्ठौषधींच्या दुकानात ‘गुंजेचा पाला’ सुकवलेला मिळतो. १९८९ साली या पानांतून अब्रुसोसाइड नावाची चार गोड द्रव्यं वेगळी करण्यात आली. ती साखरेच्या तीस ते शंभर पट गोड आहेत. इतकं असूनही गुंजेची वेल गॅलरीत लावण्याचा सल्ला ही लेखमाला देणार नाही. तिच्या लालभडक, काळ्या डोळ्याच्या बियांत अब्रिन हे अतिशय जहाल विष असतं. चावून फोडलेली एक बीसुद्धा लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते, आणि त्या बिया मुलांच्या हाताला भुरळ घालतील अशाच दिसतात. विड्यापुरता पाला भरवशाच्या दुकानातून आणावा. कुंडीत स्टीव्हियाच असू द्यावा.

पुढच्या लेखांकात : कढीपत्त्याचं झाड कुंडीत बुटकं आणि दाट कसं ठेवायचं.